बांधावर निघालेला ऊस गाळायचा जुना बिडाचा (ओतीव लोखंडाचा) चरक: किर्लोस्करवाडीचा असेल का, आणि किती जुना?

पाटाकडची वस्ती

राम राम मंडळी. आमची वस्ती पलूस तालुक्यात. जुन्या गुऱ्हाळाच्या जागेवरची घाणेरी काढताना मातीत अर्धा रुतलेला चरक निघाला. जेसीबीवाल्याने उचलून बांधावर ठेवलाय. तीन उभे रूळ, मधला जरा मोठा (आजोबा त्याला नवरा म्हणायचे), वर दात्यांची चक्रं, खाली रस पडायला पन्हळ असलेलं ताट. एका खांबावर उठावाची अक्षरं आहेत. गंजाने खाल्लीत, शेवटचं 'स्कर' तेवढं बोटाला लागतं. त्याखाली ९ हा आकडा.

घरात दोन तट पडलेत. चुलते म्हणतात किर्लोस्करांनी फक्त नांगर केले, हा कुणीतरी नाव चोरून ओतलेला माल. आत्या म्हणते की ९ म्हणजे १९०९, शंभरीच्या पुढचा आहे, विकू नका. भंगारवाला किलोवर मागतोय आणि पुण्याचा एक हॉटेलवाला बागेत ठेवायला मागतोय. आजोबा सांगायचे की गांधीवधाच्या आधीपासून हा आमच्याकडे होता.

तर हा खरंच किर्लोस्करवाडीचा का? ९ म्हणजे काय? आणि खालच्या ताटाला वीतभर चीर गेली आहे, गावातला वेल्डर म्हणतो आणा, चिकटवून देतो. द्यावं का?


खोडवा

चुलत्यांना सांगा, नांगर हे नाव गाजलं म्हणून बाकीचं विसरलं गेलं. चरक, कडबा कापायचं यंत्र, शेंगा फोडायचं यंत्र, पुढे पंप, लेथ, लोखंडी खुर्च्या आणि कॉटसुद्धा वाडीत झाल्या. आमच्याकडे कडब्याचं यंत्र अजून आहे, पातं बदललं की चालतं.

लाकडी चरकाचं चिपाड ओलं निघायचं, हे आमच्याकडचे म्हातारे नेहमी सांगतात. लोखंडी आल्यावर चिपाड लवकर वाळायला लागलं आणि चुलवाणाला जळण म्हणून चांगलं पेटायला लागलं. हॉटेलच्या बागेत कारंजं करून ठेवतील हो त्याचं. देऊ नका.


इतिहासाचा किडा

थोडा कालक्रम देतो, म्हणजे आत्याबाईंचा १९०९ तपासता येईल.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे, जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात दोष निघाला. मग यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढती डावलली गेली तशी नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतं. कंपनी आपली सुरुवात १८८८ पासून धरते. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. लक्ष्मणराव त्या काळात औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. जमीन होती कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकर, सगळी निवडुंगाची आणि सापांची. १० मार्च १९१० ला तिथे वसाहत सुरू झाली. स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं.

म्हणजे १९०९ साली वाडीच नव्हती. बाकी सुरुवातीला दोन वर्षं नांगर खपेनात. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणायचे लोक. अडाणीपणा, दुसरं काय!


वाळूसाचा

फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात आयुष्य गेलं. आधी मोल्डर (वाळूचे साचे करणारा), नंतर पॅटर्नच्या खोलीत. आमची कंपनी वेगळी, पण वाडीहून आलेले जुने हात आमच्याकडे होते आणि आमचं निम्मं शिक्षण त्यांच्या शिव्या खात झालं. त्या हक्काने बोलतो.

पहिलं, ९ म्हणजे साल नाही. ओतीव भागावर असा सुटा आकडा दिसला की तो मापाचा नाहीतर पॅटर्नचा नंबर समजायचा. पॅटर्न म्हणजे लाकडाचा, बहुतेक सागवानी, नमुना. तो वाळूत दाबून साचा करायचा, काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत पातळ झालेलं बीड ओतायचं. पॅटर्नवर नंबर ठोकला की पुढच्या प्रत्येक नगावर तो आपोआप उठतो. साल ठोकलं असतं तर दर जानेवारीत आमच्यासारख्याला पटाशी घेऊन बसावं लागलं असतं.

नंबर कशासाठी, ते नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे आणि किडा यांनी ज्याला अडाणीपणा म्हटलंय त्याच्याशीही त्याचा संबंध आहे.

लाकडी नांगर मोडला तर सुतार दारात होता. फाळाचं टोक झिजलं तर गावचा लोहार ते भात्यावर तापवायचा, ठोकून ताणायचा, परत अणकुचीदार करून द्यायचा. सुगीला त्याला बलुतं घातलं की झालं, खिशातून रोकडा निघत नव्हता. आता त्याच शेतकऱ्यापुढे बिडाचा नांगर ठेवा. लोहाराने बीड तापवून ऐरणीवर घेतलं आणि घण घातला की ठिकऱ्या. बिडात कार्बन तीन-साडेतीन टक्के असतो, त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात. म्हणून ते छान ओतता येतं, साधारण १२०० अंशांना पातळ होतं (पोलादाला १५०० च्या आसपास जावं लागतं), पण ठोकून वाढवता येत नाही. म्हणजे हा नांगर घेतला की गावातल्या लोहाराशी असलेला संबंध तुटला. भर नांगरटीत फाळ गेला तर करायचं काय? वर तो ओढायला बैलांच्या जोड्याही जास्त. विषाचं लोक बोलले असतील, पण माझ्या मते खरी भीती ही होती, आणि ती अगदी शहाण्या माणसाची भीती होती.

यावर उपाय एकच. फाळ वेगळा, नट-बोल्टने बसणारा, आणि एका नांगराचा फाळ दुसऱ्याला बसलाच पाहिजे. झिजला की नंबर कळवून नवा मागवा. हे वाचायला सोपं वाटतं. वाळूच्या साच्यात शंभर फाळ ओतून शंभरांची भोकं एका जागी आणून दाखवा मग. साचा जरा जास्त ठोकला, वाळू ओली राहिली, कोअर केसभर सरकला की भोक सरकलं. (कोअर म्हणजे भोकाच्या जागी साच्यात बसवायचा वाळूचा तुकडा.) किर्लोस्करांचं मोठेपण लोक नांगर बनवण्यात बघतात. नांगर काय, विलायती नमुने समोर होते. मला विचाराल तर मोठेपण त्या सुट्या भागात आहे. शेतकरी नांगर एकदा घेतो, फाळ घेतच राहतो. फौंड्री फाळावर जगते.

आणि फाळात अजून एक करामत असते. साच्यात फाळाच्या खालच्या अंगाला वाळूऐवजी लोखंडी ठोकळा ठेवतात. पातळ बीड त्याला टेकलं की तेवढा भाग झटकन थंड होतो, ग्रॅफाइट सुटायला वेळच मिळत नाही, आणि ते बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं. वरचा भाग वाळूत सावकाश निवतो, करडा आणि मऊ राहतो. शेतात वरचं अंग आधी झिजतं, खालचं टिकतं, त्यामुळे धार आपली आपणच निघत राहते. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. घरी जुना बिडाचा फाळ पडला असेल तर दोन्ही अंगांना कानस फिरवून बघा. एका बाजूला कानस चावते, दुसऱ्या बाजूला नुसती घसरते.

आता तुमचा चरक. नाव चोरून ओतलेला आहे का, हा चुलत्यांचा प्रश्न चांगला आहे. असं सर्रास व्हायचं. नक्कल करणारा पॅटर्न करत बसत नाही, तो खरा नग विकत आणतो आणि तोच वाळूत दाबतो. पण बीड गोठताना आकसतं, साधारण शंभराला एक. पॅटर्न करणारा हे धरून नमुना तेवढा मोठा करतो, त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टीच असते. नक्कल करणाऱ्याकडे ती सोय नाही, म्हणून त्याचा माल फुटामागे तीन मिलिमीटर लहान निघतो. शिवाय उठावाच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. परिसरात कुणाकडे असाच ९ नंबरचा धड चरक असेल तर दोघांच्या खांबांची उंची मोजा. लेथवर कातलेल्या जागा मोजू नका, ओतलेल्याच मोजा.

अक्षरं वाचायला घासू नका, आहे ते पण जाईल. रॉकेल लावून दोन दिवस ठेवा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने सुटं तेवढं काढा, मग पातळ कागद ठेवून त्यावर कोळसा आडवा फिरवा.

वेल्डरचं नंतर लिहितो, लाइट जायची वेळ झाली.


इतिहासाचा किडा

वाळूसाचा, अडाणीपणा हा शब्द मागे घेतो. बलुत्याचा मुद्दा मी कुठे वाचला नव्हता.

एक विचारायचं होतं. पहिल्या महायुद्धात शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर करायला दिल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. फौंड्रीच्या दृष्टीने हे कितपत जमण्यासारखं? तोफेचं लोखंड चालतं का?


वाळूसाचा

बिडाची तोफ असेल तर चालतं म्हणजे काय, पळतं. जुन्या बिडाच्या तोफा चांगल्या करड्या बिडाच्या असायच्या, जाड असल्यामुळे सावकाश निवलेल्या. पितळी-काशाची असेल तर तिचा नांगराला उपयोग नाही. आणि तोफेसारखा अवजड नग क्युपोलात तसाच जात नाही. त्याचे तुकडे करावे लागतात, आणि फौंड्रीत त्यासाठी तिवई उभी करून वरून जड गोळा सोडतात. बीड ठिसूळ हे इथे कामाला येतं. मोल्डरची पोरं लांब उभी करायची आणि कुणी डोकं वर काढलं की मुकादम ओरडायचा.

क्युपोला म्हणजे उभी नळकांड्यासारखी भट्टी. वरून कोक, बीड, चुनखडी यांचे थर टाकत राहायचं, खालून भात्याची हवा. चुनखडी राख-मातीला धरून मळी बनवते, ती वरच्या तोंडातून वाहून जाते, बीड खालच्या तोंडातून काढायचं. कोक नसेल तर सगळं ठप्प. युद्धात पिग आयर्न (झोतभट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड) आणि कोळसा दोन्हींची मारामार झाली, टाटांची साकचीची (आजचं जमशेदपूर) झोतभट्टी १९११ च्या शेवटी सुरू झाली होती, पण तो माल आधी युद्धाकडे. गंमत अशी की त्याच युद्धाने विलायती नांगरांची आयातही थांबली. म्हणजे गिऱ्हाईक दारात आणि भट्टीत टाकायला काही नाही. अशा वेळी तोफ मिळणं म्हणजे सोनं.

तोफेचे नांगर झाले म्हणून लोक भाषणात टाळ्या घेतात. मला त्यात दिसतं ते एवढंच की शाहू महाराजांना बिडाची किंमत कळत होती.


खोडवा

आमच्याकडे नांगराला दोन नावं चालायची, किर्लोस्कर आणि कूपर. कूपर सातारा रोडचा. धनजीशा कूपर यांचा कारखाना, त्यांनी पुढे डिझेल इंजिनंही केली. कुणाचा नांगर हरळी-कुंदा मुळासकट काढतो यावर पारावर भांडणं व्हायची म्हणे. बिहारात बेहियाला आणि हिमाचलात नाहनला १८७० च्या दशकातच लोखंडी चरक होत होते. नाहन फौंड्री सिरमौरच्या राजाची, उत्तरेत तिचे चरक फार चालले. म्हणजे चरकाची कल्पना वाडीची नाही, पण आपल्याकडे पोचला तो वाडीचाच जास्त.


पाटाकडची वस्ती

सगळ्यांचे आभार. वाळूसाचा काकांनी सांगितलं तसं रॉकेल लावून ठेवलं होतं. कोळशाने कागदावर 'किर्लोस्कर' पूर्ण उठलं. खालच्या ओळीत 'वाडी' आहे आणि त्याच्या आधीचं नाही वाचता येत. ९ च्या शेजारी अजून एक खूण आहे, ती अक्षर आहे की ओतताना राहिलेला डाग, कळत नाही.

पलीकडच्या गावात एकांकडे तसाच चरक आहे, अंगणात तुळशीजवळ रंगवून ठेवलाय, ९ नंबरचाच. टेप लावला. खांबाची उंची दोन्हींची सारखी आली, दोन मिलिमीटर इकडेतिकडे, तेही रंगाचे असतील. चुलते गप्प आहेत. आत्याला १९०९ नाही हे सांगितलं, तिला पटलेलं नाही.

भंगारवाल्याला नाही म्हटलं. ताटाच्या चिरेचं काय करू? आणि हा चालू करून एकदा रस काढता येईल का? बैल नाहीत, पोरं ओढतो म्हणतात.


वाळूसाचा

दोघं एका मापाचे निघाले म्हणजे एकाच पॅटर्नचे. दोन्ही नकला असतील असं चुलते म्हणू शकतात, म्हणू द्या. अक्षरांच्या कडा कागदावर धारदार उठल्या असतील तर मी खरा धरीन. वाडी हे नाव आहे म्हणजे १९१० नंतरचा हे तर झालंच. आजोबांचा गांधीवधाच्या आधीचा दाखला धरला तर मधली अडतीस वर्षं उरली. गांधीवधानंतर १९४८ च्या जाळपोळीत वाडीचा कारखाना जळला आणि नंतर परत उभा राहिला, तेव्हा माणसं त्या प्रसंगाच्या आधीचं आणि नंतरचं अशीच गणना करायची. आजोबांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्याहून बारीक तारीख बीड सांगत नाही.

नऊच्या शेजारची खूण उठावाची आणि कडेने गोलसर असेल तर वाळू निखळल्याचा डाग. सपाट आणि सरळ कडांची असेल तर अक्षर.

आता चीर. साध्या रॉडने वेल्डिंग करू देऊ नका. रॉडशेजारचं बीड तापून झटकन निवतं आणि पांढरं, कडक होतं, फाळाच्या खालच्या अंगासारखं. मग आज शिवलेली जागा धरते आणि तिच्याशेजारी नवी चीर पडते. वेल्डर म्हणेल तुमचं लोखंडच खराब आहे. करायचंच तर चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, निकेलचा रॉड वापरायचा, बोटाच्या पेराएवढं मारून थांबायचं, हलकं ठोकायचं, पुढचं मारायचं, आणि शेवटी कोरड्या राखेत गाडून रात्रभर निवू द्यायचं. घाई करणाऱ्याच्या हाती देऊ नका. शोभेलाच ठेवणार असाल तर यातलं काहीच नको. खालून लोखंडी पट्टी घेऊन चार बोल्ट मारा. उद्या कुणाला नीट करावंसं वाटलं तर बोल्ट निघतात, खराब वेल्डिंग निघत नाही.

रस काढायचं म्हणाल तर आधी तेल घालून रूळ हाताने फिरतात का बघा. ठोकू नका, वरच्या चक्राचा दाता उडाला तर आता मिळायचा नाही. मधल्या आणि बाजूच्या रुळांत फट किती आहे ते वरखाली दोन्हीकडे मोजा, वेगळी आली तर बुशिंगं (रुळाचा आस ज्यात फिरतो ती कडी) झिजलीत, ती कुठलाही टर्नर करून देईल. जुना रंग असेल तर तो पूर्ण काढा, त्यात शिसं असण्याचा संभव असतो, आणि पोटात जाणाऱ्या रसाशी खेळ नको. पहिल्या दहा-वीस उसांचा रस गंजाचा येईल, तो फेकून द्या.

पोरांना ओढू द्या, पण दांडा लांब घ्या आणि ऊस घालणारा माणूस मोठा, शहाणा आणि अर्ध्या बाहीचा ठेवा. या चरकांनी पुष्कळ हात घेतलेत. बैल थांबवेपर्यंत कोपरापर्यंत जायचा. एकावेळी दोन ऊस, जास्त नाही, आणि चिपाड परत घालायचं झालं तर दुमडून घाला.